परवाना मिळाला, विशेषज्ञपदाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी भूलशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे. माळव्यात आणि माळव्याबाहेर वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवण्यात माझी नोकरी गेली. आता इंदूरला स्थायिक झाल्यावर रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर अशा वस्त्यांतली मराठी कुटुंबे आपल्या डॉक्टर मुलामुलींच्या परदेशी जाण्याविषयी विचारायला माझ्याकडे येतात. परीक्षा कोणती, फी किती, व्हिसा केव्हा मिळेल, हे प्रत्येक जण विचारतो. ज्या प्रश्नावर त्या तरुणाची पुढची दहा वर्षे अवलंबून असतात तो मात्र क्वचितच विचारला जातो, आणि तो जाहीरपणे मांडला जावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळणे आणि विशेषज्ञ म्हणून मान्यता मिळणे या बहुतेक देशांत दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांचे निकष वेगळे असतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या देणाऱ्या संस्थाही वेगळ्या असतात. भारतात एमडी होऊन गेलेला फिजिशियन तिथे परवानाधारक डॉक्टर होतो, परंतु विशेषज्ञ गणला जात नाही. ही स्थिती काही महिने टिकेल असे समजून लोक जातात आणि ती कित्येकदा नोकरी संपेपर्यंत टिकते.

ब्रिटनचे उदाहरण आधी घेते, कारण आपल्याकडून तिथे जाणाऱ्या डॉक्टरांची परंपरा जुनी आहे. तिथली नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जीएमसी, करते. भारतीय पदवीधराला त्यासाठी प्रथम इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते: आयईएलटीएसच्या अकॅडेमिक परीक्षेत एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७ गुण, किंवा आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या ओईटी परीक्षेत चारही भागांत ‘बी’ श्रेणी. त्यानंतर प्लॅब, म्हणजे परदेशी पदवीधर डॉक्टरांसाठी जीएमसी घेते ती परीक्षा. तिचा पहिला भाग तीन तासांत १८० प्रश्नांचा असतो आणि तो भारतातल्या केंद्रांवर देता येतो. दुसरा भाग मँचेस्टरलाच जाऊन द्यावा लागतो. तिथे १६ स्टेशनांवर, एकामागून एक, रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांसमोर डॉक्टर काय विचारतो, काय तपासतो, कोणता निर्णय घेतो आणि तो रुग्णाला कसा समजावून सांगतो, हे पाहिले जाते. पहिला भाग उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत दुसरा पार करावा लागतो. ज्यांच्याकडे एमआरसीपी किंवा एमआरसीएससारखी तिथल्या रॉयल कॉलेजांची मान्य पदव्युत्तर परीक्षा आहे, त्यांची प्लॅबमधून सुटका होते. हे सारे झाले, पदवीची मूळ विद्यापीठाकडून पडताळणी झाली, वर्तणुकीचे प्रमाणपत्र पोहोचले, की नाव नोंदवले जाते आणि परवाना हाती येतो.

इथवरचा मार्ग शिकवणीवर्ग उत्तम सांगतात. यापुढे ते बोलत नाहीत. जीएमसी नोंदणीकृत डॉक्टरांच्या सर्वसाधारण यादीखेरीज विशेषज्ञांची एक स्वतंत्र यादी ठेवते. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, कायमस्वरूपी कन्सल्टंट (वरिष्ठ विशेषज्ञ) म्हणून नेमणूक हवी असेल तर त्या यादीत नाव असावे लागते. हा नियम १९९७ पासून आहे. त्या यादीत जाण्याचा राजमार्ग म्हणजे तिथले मान्यताप्राप्त प्रशिक्षण पूर्ण करून मिळणारे सीसीटी हे प्रमाणपत्र. माझ्याच विषयाचे सांगायचे तर, तिथे एमबीबीएसनंतर दोन वर्षे फाउंडेशन, म्हणजे पायाभूत प्रशिक्षण, आणि त्यानंतर भूलशास्त्राचे सात वर्षांचे प्रशिक्षण असते. आपली एमडी तीन वर्षांची. आपला विद्यार्थी त्या तीन वर्षांत रात्रंदिवस राबतो, त्याच्या हाताखालून गेलेल्या रुग्णांची संख्या तिथल्या समवयस्कापेक्षा पुष्कळदा अधिक असते, आणि हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमापोटी म्हणत नाही. आपल्या शासकीय रुग्णालयांतली गर्दी ज्याने पाहिली आहे तो कोणीही हे म्हणेल. पण सात वर्षांच्या अभ्यासक्रमात टप्प्याटप्प्याने ज्या गोष्टी लेखी नोंदवल्या जातात, प्रत्येक टप्प्यावर ज्या मूल्यमापनावर वरिष्ठाची सही होते, ते आपल्याकडे कागदावर नसते. आणि दूर देशातली परीक्षकांची समिती कागदच पाहू शकते.

ज्यांनी ते प्रशिक्षण तिथे घेतलेले नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. पूर्वी त्याला सीईएसआर म्हणत. आता पोर्टफोलिओ मार्ग म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा निकष बदलला. त्याआधी आपले प्रशिक्षण सीसीटीशी समकक्ष आहे असे सिद्ध करावे लागे; आता त्या विषयातल्या कन्सल्टंटला आवश्यक असलेले ज्ञान, कौशल्य आणि अनुभव आपल्यापाशी आहे असे दाखवावे लागते. बदल स्वागतार्ह आहे, पण पुराव्यांचा भार हलका झालेला नाही. अर्जासोबत शेकडो पानांचा पुरावा जोडावा लागतो: केलेल्या प्रक्रियांच्या नोंदी, प्रत्यक्ष कामाची मूल्यमापने, ऑडिट, अध्यापन, सहकाऱ्यांचे आणि रुग्णांचे अभिप्राय, आणि तेही मुख्यतः अलीकडच्या वर्षांचे. रुग्णाची ओळख पटेल असा प्रत्येक तपशील झाकून, जिथे ते काम केले त्या रुग्णालयाकडून खरेपणाची सही घेऊन. इंदूरहून गेलेल्या एखाद्या सर्जनने आठ-दहा वर्षांपूर्वी इथे केलेली उत्तम कामे या फाइलमध्ये फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ती जुनी असतात आणि त्यांची नोंद त्या स्वरूपात कोणी ठेवलेली नसते.

परिणाम असा, की परवाना असलेले, पण विशेषज्ञांच्या यादीत नसलेले असंख्य भारतीय डॉक्टर तिथे मधल्या श्रेणीच्या पदांवर काम करतात. त्या कामात कमीपणा काहीच नाही. रात्रपाळीत वॉर्ड आणि शस्त्रक्रियागृहे हेच लोक चालवतात. माझा आग्रह इतकाच, की हे पद कोणी स्वीकारले तर जाणून-समजून स्वीकारावे. ‘एमडी आहे, दोन वर्षांत कन्सल्टंट होईन’ अशा समजुतीने नव्हे. त्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठीची चुरसही आता तीव्र झाली आहे, आणि ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेल्या एनएचएसच्या दहा वर्षांच्या आराखड्यात तिथल्या वैद्यकीय पदवीधरांना या जागांवर प्राधान्य देण्याचे धोरण मांडले आहे. जे कुटुंब आज कर्ज काढून मुलाला मँचेस्टरला पाठवणार आहे, त्याने हे वाक्य परीक्षेच्या फीच्या आकड्याआधी वाचायला हवे.

अमेरिकेत रचना निराळी आहे, पण गाठ तीच. तिथे परवाना प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ देते आणि विशेषज्ञ म्हणून प्रमाणपत्र त्या त्या विषयाचे बोर्ड देते. परदेशी पदवीधराने आधी ईसीएफएमजी या परदेशी पदव्यांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवायचे, त्यासाठी यूएसएमएलई या परवाना-परीक्षेची पहिली पायरी आणि दुसऱ्या पायरीची लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हायची. पहिल्या पायरीचा निकाल जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागत असल्याने दुसऱ्या पायरीच्या गुणांचे वजन वाढले आहे. प्रत्यक्ष रुग्णतपासणीची जी परीक्षा देण्यासाठी अमेरिकेला जावे लागे, ती २०२१ मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या जागी इतर मार्गांबरोबर ओईटी आली. त्यानंतर मार्चमध्ये लागणारा ‘मॅच’, म्हणजे रेसिडेन्सीच्या (रुग्णालयातल्या विशेषज्ञ-प्रशिक्षणाच्या) जागावाटपाचा निकाल. अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी अलीकडच्या वर्षांत साधारण साठ टक्क्यांच्या आत-बाहेर उमेदवारांना त्यात जागा मिळते. उरलेले वर्षभर थांबतात किंवा परततात. आणि ज्याला जागा मिळते तो, भारतात एमडी करून पाच वर्षे स्वतंत्र रुग्णसेवा केलेला असला तरी, रेसिडेन्सी पहिल्या वर्षापासून करतो: मेडिसिनमध्ये तीन वर्षे, जनरल सर्जरीत पाच, न्यूरोसर्जरीत सात. रेडिओलॉजीसारख्या एखाद्या विषयाच्या बोर्डाने परदेशात प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी एकाच मान्यताप्राप्त संस्थेत चार वर्षे काम करून परीक्षेला बसण्याची वाट ठेवली आहे, पण तो अपवाद आहे.

अलीकडे तिथे नवी हालचाल सुरू झाली आहे. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, परदेशात प्रशिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरांना अमेरिकी रेसिडेन्सी पुन्हा न करता तात्पुरता परवाना देण्याची सोय केली आणि त्यानंतर इतरही काही राज्ये त्या दिशेने गेली. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत हे वृत्त ‘अमेरिकेत आता रेसिडेन्सीची गरज नाही’ अशा रूपात फिरते. ते अपुरे आहे. राज्य परवाना देऊ शकते. बोर्डाचे प्रमाणपत्र देणे राज्याच्या हाती नाही, आणि मोठी रुग्णालये व विमा कंपन्या डॉक्टरला आपल्या यादीवर घेताना ते प्रमाणपत्र पाहतात. म्हणजे पहिले दार थोडे किलकिले झाले, दुसरे जागच्या जागी आहे.

व्हिसाचाही इथे उल्लेख केला पाहिजे, कारण तो निर्णय घरी बसून घेतला जातो आणि त्याची किंमत नंतर कळते. रेसिडेन्सीसाठी जाणारे बहुसंख्य डॉक्टर जे-१ व्हिसावर जातात. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती अट माफ होण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे सेवा करणे. या योजनेखाली प्रत्येक राज्याला वर्षाला ३० डॉक्टर घेता येतात. एच-१बी हा दुसरा पर्याय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून अधिकच अवघड झाला आहे.

या बाबतीत मला ऑस्ट्रेलियाची पद्धत सर्वांत स्पष्ट वाटते, कारण ती निदान उमेदवाराला त्याची जागा आधी सांगते. सर्वसाधारण परवान्यासाठी ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची १५० प्रश्नांची संगणकावरची परीक्षा आणि मग क्लिनिकल परीक्षा, हा एक रस्ता. विशेषज्ञासाठी रस्ता वेगळा: त्या विषयाचे कॉलेज अर्जदाराची कागदपत्रे तपासते, मुलाखत घेते आणि त्याला तीनपैकी एका गटात बसवते. प्रशिक्षण बव्हंशी तुल्य ठरले तर साधारण वर्षभरापर्यंत देखरेखीखाली काम. अंशतः तुल्य ठरले तर दोन वर्षांपर्यंत देखरेख, अधिकचे प्रशिक्षण आणि बहुधा परीक्षा. आणि तुल्य नाही असे ठरले तर विशेषज्ञाचा रस्ता बंद, सर्वसाधारण परवान्याच्या रांगेत उभे राहायचे. ऑक्टोबर २०२४ पासून काही विषयांसाठी, प्रथम जनरल प्रॅक्टिससाठी, एक जलद मार्ग उघडला आहे, परंतु तो ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड अशा ठराविक देशांच्या पदव्यांपुरता आहे. भारतीय एमडीला त्याचा लाभ नाही. शिवाय परदेशी डॉक्टरला तिथे मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचे, पैसे मिळवण्यासाठी सामान्यतः दहा वर्षे डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात काम करावे लागते. सिडनीचे स्वप्न पाहून गेलेले दांपत्य कुठल्याशा दूरच्या गावी राहते आणि मग नवऱ्याला जागा मिळाली तर बायकोला मिळत नाही. दोघे डॉक्टर असलेल्या जोडप्यांनी याचा विचार विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी करावा.

जर्मनीकडे ओढा वाढतो आहे, त्याचे कारण तिथे वैद्यकीय नोकऱ्या भरपूर आहेत. मात्र जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकून, त्यावर वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा देऊन, राज्याच्या कार्यालयाकडून पदवीची समकक्षता तपासून घ्यावी लागते. त्रुटी आढळल्या तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. मग ‘आप्रोबात्सिओन’ हा कायमचा परवाना मिळतो. विशेषज्ञाची मान्यता त्यानंतर, आणि ती राज्याच्या डॉक्टर-मंडळाकडून. आखाती देशांत तुलनेने सरळ आहे: कागदपत्रांची मूळ ठिकाणाहून पडताळणी, संगणकावरची परीक्षा, आणि पदवी व अनुभवाची वर्षे मोजून दर्जा. आपली एमडी-एमएस तिथे विशेषज्ञ म्हणून चालते, कन्सल्टंटसाठी अधिक वर्षांचा अनुभव मागतात.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की हा आपल्यावरचा अन्याय आहे. काही अंशी तसे मलाही वाटते. अनुभवी सर्जनला पुन्हा पहिल्या वर्षाचा रेसिडेंट करणे हा रुग्णांच्या सुरक्षेचा नियम आहे, असे मी मानत नाही. प्रत्यक्ष काम पाहून त्याची पारख काही महिन्यांत होऊ शकते. परंतु परीक्षा आणि पडताळणी यांना सरसकट अपमान समजणे मला मान्य नाही. या वादाला इतिहास आहे. भारतातल्या प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणाबद्दल समाधान नसल्याचे कारण पुढे करून जीएमसीने १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातूनच १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला आणि आपली स्वतःची परिषद उभी राहिली. पुढे मान्यता परत मिळाली आणि १९७५ पर्यंत आपले डॉक्टर परीक्षेविना ब्रिटनमध्ये नोंदणी करत होते. त्या वर्षापासून परीक्षा आली, आणि तिचेच आजचे रूप प्लॅब. जे डॉक्टर त्या काळात गेले त्यांना नोंदणी सहज मिळाली, पण मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतली वरची पदे नव्हे. वृद्धांच्या आजारांसारख्या ज्या शाखा स्थानिक डॉक्टरांना नको होत्या त्या, आणि खाणकामगारांच्या व गिरण्यांच्या गावांतली जनरल प्रॅक्टिस, प्रामुख्याने भारतीयांच्या वाट्याला आली. पहिले दार सताड उघडे असतानाही दुसरे अरुंदच होते.

आणि आपण स्वतः काय करतो, तेही पाहावे. रशिया, चीन, युक्रेन, किर्गिझस्तान इथून एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन आलेल्या आपल्याच मुलांना भारतात एफएमजीई ही पात्रता-परीक्षा द्यावी लागते: ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास १५० गुण. वर्षानुवर्षे तिच्यात बसणाऱ्यांपैकी बहुसंख्य अनुत्तीर्ण होतात. २०२१ च्या नियमांनी किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच देशात १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता अशा अटीही घातल्या. विशेषज्ञांबाबत तर आपण अधिक कठोर आहोत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर पदव्या इथे मान्य होतात. जर्मनीत सहा वर्षे घालवून तिथला हृदयरोगतज्ज्ञ झालेला इंदूरचा मुलगा आईवडिलांसाठी परत आला, तर त्याला इथे त्या नात्याने नोंदणी मिळणे दुरापास्त आहे. परदेशी जाण्याचा देश निवडताना परतीचा हा नियम कोणी विचारात घेत नाही. ज्यांचे आईवडील इथे एकटे राहणार आहेत, आणि आमच्या पिढीतल्या किती घरांत तसे आहे हे मी वेगळे सांगायला नको, त्यांनी तो सर्वांत आधी विचारात घ्यावा.

आता ज्या कारणासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येते. परदेशी संस्थांचे नियम आपण बदलू शकत नाही. पण या दोन्ही दारांशी जो कागद मागितला जातो तो आपल्या महाविद्यालयांच्या, विद्यापीठांच्या आणि परिषदांच्या हातचा असतो, आणि तिथे होणारी हेळसांड पूर्णपणे आपली आहे. मध्य प्रदेशातली गोष्ट घ्या. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या आधीच्या तुकड्यांच्या पदव्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या आहेत आणि नंतरच्या तुकड्यांच्या, २०११ च्या कायद्याने स्थापन झालेल्या जबलपूरच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या. ज्याची एमबीबीएस एका विद्यापीठाची आणि एमडी दुसऱ्याची, त्याला पडताळणीची पत्रे दोन शहरांतून काढावी लागतात. परदेशी पडताळणी-संस्था उमेदवाराच्या हातून आलेला कागद स्वीकारत नाही. ती थेट विद्यापीठाला विचारते आणि उत्तराची वाट पाहते. ते उत्तर कोणत्या टेबलावरून जायचे, कोणाच्या सहीने जायचे, हे ठरलेले नसेल तर ईमेल तसाच पडून राहतो. इकडे इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांत कालबाह्य होतो. वर्तणुकीचे प्रमाणपत्र जीएमसीला तीन महिन्यांच्या आतले हवे असते; एक कागद येईपर्यंत दुसरा जुना होतो.

आपल्या मराठी घरांत याला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे नावात वडिलांचे नाव, लग्नानंतर नवऱ्याचे नाव घालण्याची रीत आहे. मध्य प्रदेशातल्या शाळांत मात्र हिंदी पद्धतीने नाव आणि आडनाव एवढेच लिहितात. मग दहावीच्या गुणपत्रिकेवर दोन शब्द, पदवीवर तीन, पारपत्रावर वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले, आणि लग्न झालेल्या मुलीच्या वैद्यक परिषदेच्या नोंदणीत चौथेच नाव, अशी स्थिती होते. त्यात ‘कर’ने संपणाऱ्या आडनावांची इंग्रजी अक्षरे कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिलेली. परदेशी परीक्षेच्या केंद्रावर पारपत्रावरचे नाव आणि नोंदणीतले नाव अक्षरशः जुळावे लागते. हुशार मुली केवळ या कारणाने परीक्षेच्या तारखेला मुकलेल्या मी पाहिल्या आहेत. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातच सर्व कागदपत्रांवर एकच नाव, एकाच क्रमाने, एकाच वर्तनीत करून घ्यावे, आणि लग्नानंतर बदलायचे असल्यास सर्वत्र बदलावे किंवा कुठेच बदलू नये, ही माझी पालकांना कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट लॉगबुकची. पदव्युत्तर विद्यार्थ्याने केलेल्या प्रत्येक प्रक्रियेची नोंद ठेवावी असा राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा नियम आहे. प्रत्यक्षात अनेक विभागांत ती वही परीक्षेच्या आदल्या महिन्यात, एका बैठकीत, एकाच शाईने भरली जाते आणि विभागप्रमुख तिच्यावर सही करतात. पुढे हाच विद्यार्थी पोर्टफोलिओ सादर करायला जातो तेव्हा कोणत्या तारखेला, कोणाच्या देखरेखीखाली, किती गुंतागुंतीची भूल त्याने दिली, याचा विश्वसनीय कागद त्याच्यापाशी नसतो. हे काम परदेशासाठी करायचे नाही. इंदूरच्या रुग्णालाही तो अधिकार आहे, की त्याला भूल देणाऱ्या डॉक्टरचे शिक्षण कोणीतरी खरोखर पाहून नोंदवलेले असावे.

तिसरी गोष्ट बोलण्याची. प्लॅबचा दुसरा भाग असो वा ओईटी, दोन्हींत रुग्णाशी संवाद तपासला जातो. ओईटीत रुग्णाशी संभाषण करावे लागते आणि दुसऱ्या डॉक्टरला रुग्ण पाठवतानाचे पत्र लिहावे लागते. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके आली. ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलांना विषय समजायला त्यांचा उपयोग होतो आणि मी त्यांच्या विरोधात नाही. परंतु ज्याला पुढे बाहेर जायचे आहे त्याने इंग्रजीत केस मांडण्याचा सराव पहिल्या वर्षापासून ठेवावा. आणि संवाद म्हणजे केवळ इंग्रजी नव्हे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी वेगळे तास दिले आहेत. ते तास भरतात का, हे प्रत्येक महाविद्यालयाने तपासावे. रुग्णाला बसायला सांगून, त्याचे नाव विचारून, त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेण्याची सवय इंदूरच्या शासकीय एम.वाय. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लागली नाही, तर ती मँचेस्टरच्या परीक्षेसाठी दोन महिन्यांच्या शिकवणीत लागत नाही.

एक गोष्ट इथे आवर्जून नमूद करते. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली आणि देशातली ७०६ वैद्यकीय महाविद्यालये तिच्या कक्षेत आली. ईसीएफएमजीच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. पण काही जाहिरातींत ‘आपली पदवी आता जगभर चालते’ असा तिचा अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. ही मान्यता आयोगाच्या तपासणी-पद्धतीला आहे. तिच्यामुळे परीक्षेस बसण्याचा मार्ग मोकळा राहतो. परीक्षा टळत नाही, आणि विशेषज्ञ-मान्यतेशी तर तिचा संबंधच नाही.

यावर करण्यासारखे काय आहे? तरुण डॉक्टरांनी एमडीला प्रवेश घेण्यापूर्वी ठरवावे, की पुढे कोणत्या देशात, कोणत्या दर्जाने काम करायचे आहे. अमेरिकेलाच जायचे असेल तर इथली तीन वर्षे तिथे मोजली जाणार नाहीत, हे गृहीत धरून निर्णय घ्यावा. कित्येकांसाठी एमबीबीएसनंतर थेट जाणे शहाणपणाचे ठरेल. आखाती देशांचा किंवा ऑस्ट्रेलियाच्या विशेषज्ञ-मार्गाचा विचार असेल तर उलट, इथली एमडी आणि त्यानंतरचा नोंदवलेला अनुभव हेच भांडवल आहे. आणि कुठेच जायचे नसेल, तर शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून जाऊ नये.

शासनाकडे आणि महाविद्यालयांकडे माझी मागणी मर्यादित आहे. राज्यातल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, इंदूरपासून ग्वाल्हेरच्या गजरा राजा महाविद्यालयापर्यंत, परदेशी पडताळणीसाठी एक जबाबदार अधिकारी, त्याचा एकच अधिकृत ईमेल पत्ता आणि उत्तराची लेखी मुदत असावी. आधीच्या आणि नंतरच्या विद्यापीठांच्या अभिलेखांसाठी एकच अर्ज चालावा, आणि कोणता कागद कुठून मिळतो याची हिंदी-इंग्रजी माहिती महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर कायम लावलेली असावी. लॉगबुकवर दर महिन्याला सही झाल्याखेरीज विद्यार्थ्याला पुढच्या सत्राची हजेरी मान्य करू नये. इंदूरच्या मराठी संस्थांनी, ज्या व्याख्यानमाला इतक्या निष्ठेने चालवतात त्यांनी, वर्षातून एक संध्याकाळ या विषयाला द्यावी आणि तिथे परदेशात परवाना मिळालेल्यांबरोबर, विशेषज्ञांच्या यादीत न पोहोचलेल्या आणि परत आलेल्या डॉक्टरांनाही बोलवावे. ते ऐकायला मी स्वतः येईन, आणि बोलावल्यास माझ्या परीने कागदपत्रांची फाइल कशी लावावी हे दाखवीनही.

आपली नम्र,
एक निवृत्त वैद्यकीय प्राध्यापिका
रामबाग, इंदूर